देवाला सांगण्यासारखं

त्या घरात ताटाला हात लावण्याआधी देवाला हसवायची पद्धत होती. पद्धत कसली, बायकोच्या मते नवऱ्याचं खूळच ते. तिचा नवरा उंच उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, ग्रीस आणि लोखंडी दोरांच्या संगतीत राहिलेला माणूस संध्याकाळी घरी आला की बोलायला नुसता आसुसलेला असायचा. हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा, डोळे मिटायचा आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायचा, "देवा, आज काय झालं माहितीय का?"

आणि मग खरोखरच सांगायचा. एकदा दोन मजल्यांच्या मध्ये एक गृहस्थ अडकले. आता काही आपण वाचत नाही असं समजून त्यांनी सोबत अडकलेल्या सासूची पाय धरून माफी मागितली, आणि लगेच लिफ्ट सुरू झाल्यावर ती माफी परत कशी घ्यावी ते त्यांना कळेना. असलं काहीतरी. सांगून झालं की सगळे हसायचे, हसू ओसरलं की "चला, पोचलं वर" असं म्हणून तो पहिला घास घ्यायचा. त्याच्याआधी कुणी घास घ्यायचा नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडोत.

त्याचं म्हणणं साधं होतं. सगळी दुनिया देवापुढे सकाळपासून रडगाणं लावते. एका तरी घरातून त्याला बरी बातमी जायला नको का?

मुलगी बापाच्या वळणावर गेली होती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होती, त्यामुळे तिच्याकडे मालाची कमतरता नव्हती. नवऱ्याची मोठी बहीण, आक्का, यजमान गेल्यापासून यांच्याकडेच राहायची. ती सांगायला लागली की अर्ध्यातच तिला स्वतःला हसू फुटायचं. तिची एकही गोष्ट शेवटपर्यंत कुणी ऐकली नव्हती, बहुधा देवानंही नाही.

राहिली बायको. तिला घरात 'सरकार' म्हणत, कारण तिच्या तोंडावरची रेषा कधी हलत नसे. तिला हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. ती लहानपणापासून देवापुढे हात जोडून, मान खाली घालून उभी राहिलेली. देवाशी असं पारावरच्या गप्पांसारखं बोलायचं म्हणजे काय? तिची पाळी आली की ती म्हणायची, "देवा, आज हसण्यासारखं काही झालं नाही. जेवायला दिलंस, पुष्कळ झालं." त्यावर नवरा एक डोळा उघडून वर बघायचा. "देवा, सरकारचं मनावर घेऊ नकोस. आतून बरी आहे." तीस वर्षांत तिनं एकदाही काही सांगितलं नाही. मनात वाटायचं, या माणसाला देवाची भीती म्हणून नाही. कधी कधी असंही वाटायचं की याचा देवावर विश्वासच नसावा.

मग तो माणूस कामावरच कोसळला. इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत अर्धांगाचा झटका आला. खाली आणायला लिफ्ट नव्हती, कारण ती यानंच दुरुस्तीसाठी बंद केली होती. लोकांनी त्याला खुर्चीत बांधून जिन्यानं उतरवलं. शुद्धीत असता तर ही गोष्ट त्यानं आठवडाभर देवाला पुरवली असती. पण उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. तोंडातून एक लांब 'आ' तेवढा निघायचा. तो रागाचा, तहानेचा की नुसताच, ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

त्याहून वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. हॉस्पिटलात एक बाई होती, गिळायला पुन्हा शिकवणारी. तरुण होती, पण बोलणं जुन्या मास्तरासारखं. तिनं सगळं नीट बजावलं. सगळं घोटून द्यायचं. पाण्यातसुद्धा पावडर घालून ते दाट करायचं. हनुवटी छातीकडे, घास लहान, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. "आणि तोंडात घास असताना हसवायचं नाही. हसलं की श्वासाची वाट उघडते, घास फुप्फुसात जातो. त्यातून माणूस जातो."

तो घरी आला त्या पहिल्याच संध्याकाळी तेच झालं. कुस्करलेला बटाटा निवत चालला होता, म्हणून बायकोनं बसल्या बसल्या पहिला चमचा त्याच्या तोंडात घातला. मुलगी डोळे पुसत टेबलाशी आली. बाबा घरी आले, निदान एवढं तरी पहिल्यासारखं होऊ दे, असं तिला वाटलं असणार. तिनं डोळे मिटले. "देवा, आज काय झालं माहितीय का?" आणि तिनं सांगून टाकलं, की वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या नवराबायकोच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. नवऱ्याची बायकोला आणि बायकोची नवऱ्याला गेली. दोघांनी आठवडाभर एकमेकांचे दात वापरले आणि एकानंही तक्रार केली नाही. नवऱ्याला वाटलं, बोललो तर ही चिडेल. बायकोला वाटलं, बोलले तर हे खर्चाचं काढतील.

नवरा हसला. वाकड्या, अर्ध्या तोंडानं, पण हसला. आणि मग तो निळा पडत गेला. आक्का किंचाळत जिन्यात धावली, शेजारच्यांनी गाडी काढली, आणि छातीत जंतुसंसर्ग होऊन तो पुन्हा हॉस्पिटलात पडला. या खेपेला परत आणला तेव्हा त्याच्या अंगावरचा शर्ट हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता.

त्यानंतर घरात जेवताना कुणी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. सरकारनं तो खरोखर सरकारसारखा राबवला. टेबलाशी चमच्यांचा आवाज तेवढा होई. मुलगी ताटात बघून जेवायची आणि उठून जायची. आक्का आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरातच बसायला लागली, कारण समोर भावाचं तोंड बघून तिला घास जात नसे.

आणि नवऱ्यानं तोंड मिटलं. चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट. जबरदस्ती केली की मान डावीकडे. दिवसाकाठी कसंबसं थोडं दाट दूध पोटात जायचं, तेही डुलकी लागता लागता. अंगावरचं मांस उतरत चाललं. गिळणं शिकवणारी बाई बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना गिळता येतंय. मी तपासलंय. पण कधी कधी माणूस आतल्या आत ठरवून टाकतो, की आता पुरे."

ते बायकोच्या मनातून जाईना. ठरवून टाकलं म्हणजे? मला न विचारता?

"आई, ते वाट बघतायत," मुलगी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली. "देवाला सांगितल्याशिवाय ते कधी जेवलेत का?"

"तुझ्या त्या सांगण्यानंच गेले असते. अजून पोट भरलं नाही तुझं?"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण शब्द परत घेता आला नाही. मुलीनं फडकं खुंटीला लावलं आणि त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलायला लागली.

प्रार्थना मात्र बायकोनं सोडली नव्हती. रोज सकाळी नवऱ्याच्या पलंगाशी उभी राहून, हात जोडून, पाठ असलेलं सगळं म्हणायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. तिचे ओठ हलायचे आणि मन म्हणायचं, अगं, कुणाला सांगतेयस? पलीकडे कुणी आहे का? असलं तिच्या मनात पूर्वी कधी आलं नव्हतं. आता रोज यायचं, आणि तिला त्याची फार भीती वाटायची.

शुक्रवारी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. ते वाईट नव्हते, घाईत होते. "सोमवारपर्यंत तोंडानं नीट खाल्लं नाही तर पोटातून नळी घालावी लागेल. या अवस्थेत भूल देणं जोखमीचं आहे, हे तुम्हाला सांगून ठेवतो. आणि नळी बसली की अशी माणसं पुन्हा तोंडानं खायला लागतात, असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं." तिनं मान हलवली. घरी पोचायला उशीर झाला. आली ती चपला न काढता तडक न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आक्काला वाटलं, रडत असेल.

संध्याकाळी तिनं भोपळा उकडून, गाळून, मऊ केला. नवऱ्याला खुर्चीत बसवून पाठीला उशी लावली, गळ्यात पंचा बांधला. मुलगी आली, बसली. बायकोनं चमचा भरला आणि त्याच्या ओठाशी नेला. ओठ मिटले. तिनं चमचा खाली घेतला, पुन्हा नेला. त्याची मान वळली. भोपळा हनुवटीवरून पंचावर सांडला.

"सोमवारी पोटाला भोक पाडणार आहेत तुमच्या," ती म्हणाली. हुकूम तिचा, आणि मोडला तिनंच. "कळतंय का? मी तिथं काय करू? बाहेर बाकावर बसून?"

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे तेच होते, पूर्वीचे, एक थोडा बारीक झालेला. त्यानं डावा हात टेबलावरून उचलला. एक बोट छताकडे केलं. मग तेच बोट तिच्याकडे केलं. मग हात दमून खाली पडला.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला. "वर जायचं म्हणतोय गं माझा भाऊ."

"नाही," मुलगी म्हणाली. "सांग म्हणतायत. आई, तुला सांगायला सांगतायत."

बायकोच्या हातात चमचा तसाच होता. त्या चमच्याकडे बघता बघता तिला ती पहिली संध्याकाळ दिसली. बटाटा निवत होता. घास आधी तिनं घातला, गंमत नंतर आली. जन्मभर या घरात गंमत आधी, हसून घ्यायचं, हसू ओसरू द्यायचं, आणि मग घास. नवऱ्यानं कधी भरल्या तोंडानं देवाशी गप्पा मारल्या नव्हत्या. ज्या गोष्टीला तिनं तीस वर्षं खूळ म्हटलं, तिचा क्रम तिला घाईत आठवलाही नव्हता, आणि दोष सगळा पोरीच्या माथी मारून ती मोकळी झाली होती.

तिनं चमचा वाटीत ठेवला. वाटी त्याच्यापासून लांब सरकवली. हात जोडायला गेली, पण ते नीट वाटेना, म्हणून मांडीवर ठेवले.

"देवा," ती म्हणाली, आणि थांबली. "देवा, आज काय झालं... मी हॉस्पिटलात गेले होते. डॉक्टरांनी नळीचं सांगितलं. मी बाहेर आले. म्हटलं, आता तुझ्याशीच भांडते. तिथं तळमजल्यावर प्रार्थनेची खोली आहे म्हणे. एक दार दिसलं, ढकललं. आत अंधूक उजेड. भिंतीला लागून बाकं, आणि बाकांवर माणसं. एक अक्षर कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. एक बाई मागंपुढं झुलत होती. एका आजोबांच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, काय ही भक्ती. अशी भक्ती मी जन्मात बघितली नाही. मला माझीच लाज वाटली.

"मग मी त्या झुलणाऱ्या बाईशेजारी बसले आणि तुला सगळं सांगितलं. मोठ्यांदा. यांचं, पोरीचं, सगळं. रडले पण. कुणी हसलं नाही, कुणी डोळे उघडले नाहीत. ती बाई तेवढी म्हणाली, 'थोडा धीर धरा, सगळ्यांचीच पाळी येते.' मला इतकं बरं वाटलं.

"तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एकजण आला आणि त्यानं पाण्याचा जग माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, चार ग्लास प्या, थेंब ठेवू नका. मी म्हटलं, असेल इथली रीत. डोळे मिटून चारी ग्लास प्यायले. एकेका ग्लासाला यांचं नाव घेतलं. थोड्या वेळानं तो परत आला आणि म्हणाला, 'बाई, लघवीला अगदी जोरात लागली की सांगा. पोटाची सोनोग्राफी रिकाम्या पिशवीवर होत नाही.'"

मुलीनं तोंडावर हात दाबला.

"तेव्हा मला कळलं, ती सगळी माणसं डोळे मिटून काय धरून बसली होती. मी म्हटलं, अहो, मला तपासायचं नाहीये, मी देवाकडे आलेय. तो म्हणाला, 'देव पलीकडच्या दारात. पण आज जाऊ नका, तिथं रंग दिलाय, ओला आहे.' मग मी बस धरली. चार ग्लास पोटात, आणि रस्त्याला खड्डे किती ते तुला वरून दिसतच असतील. मी डोळे मिटले, ओठ आवळले, आणि मागंपुढं झुलायला लागले. शेजारचा माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, 'बसा मावशी, ऐसपैस बसा. इतक्या मनापासून देवाचं नाव घेणारं माणूस हल्ली बघायला मिळत नाही.'"

सांगून झालं. तिला वाटलं, आपल्याला काही नीट सांगता आलं नाही.

मग खुर्चीतून आवाज आला. आधी तो 'आ', लांब, ओढलेला. मग तो तुटत तुटत यायला लागला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचं की रडण्याचं, हे अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. मुलगी हसता हसता टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. आक्का दाराची चौकट धरून खाली बसली होती आणि म्हणत होती, "ओला आहे म्हणे. रंग ओला आहे."

बायको हसली नाही. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. त्यानं हसता हसता तोंड उघडलं, घासासाठी, लहान मूल उघडतं तसं. तिचा हात वाटीकडे गेला आणि तिनं तो ओढून धरला.

"नाही. आधी हसून घ्या. सगळं. मी आहे इथंच."

भोपळा निवत गेला. तिनं तो निवू दिला. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. तिनं त्याचे डोळे पुसले, हनुवटी पुसली, एकदा तोंडात बघितलं. मग हनुवटी छातीकडे टेकवून अर्धा चमचा जिभेवर ठेवला. तिघी श्वास धरून बसल्या. त्याचा कंठमणी वर गेला, अडकल्यासारखा थांबला, आणि खाली आला. तो खोकला नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

अर्धी वाटी गेली. त्यापुढे तो दमला.

मुलीनं बापाला पलंगावर नेलं. जाता जाता तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काढून घेतला. बायको वाटी घेऊन मोरीशी उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र पुढचाच घोर लागला. आज झालं. पण उद्या सकाळी न्याहारी आहे, मग दुपारचं जेवण, मग संध्याकाळ. परवा पुन्हा तेच. दर वेळी काहीतरी लागणार, आणि खरं लागणार, कारण या माणसाला रचलेलं लगेच कळतं. एवढं हसण्यासारखं या घरात आता राहिलंय कुठे? औषधांच्या बाटल्या, ओल्या चादरी, आक्काचं रडणं. आणि यात काही सापडलं नाही तर सोमवार आहेच.

तीस वर्षं हा माणूस हे कुठून आणत होता? तिला वाटायचं, त्याचा विश्वास नाही. पण पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलंय, अशी पक्की खात्री असल्याशिवाय कुणी रोज रोज गंमत सांगतं का? रडायला समोर कुणी नसलं तरी चालतं. तिनं रोज सकाळी जे पाठ म्हटलं, ते रिकाम्या खोलीत म्हटलं होतं.

तिनं हात जोडले नाहीत. हात साबणाचे होते.

"देवा, ऐक," ती नळाखाली वाटी धरून हळू आवाजात म्हणाली, शेजारणीकडे विरजण मागावं तशी. "उद्या सकाळी काहीतरी घडव. फार मोठं नको. आक्का न्हाणीघरात पडेल असलं काही करू नकोस, ती आता म्हातारी झाली. माझीच फजिती कर, हवी तेवढी. पण न्याहारीच्या आत कर."

आणि नळ बंद करून ती तिथंच उभी राहिली, उत्तर येईल म्हणून.